उच्च वारंवारतेचा सिग्नल स्रोत पीसीबीवर बसणाऱ्या डबीत कसा बांधावा

नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. डेटाशीट काटेकोरपणे पाळून ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक वारंवारतेचा सिग्नल निर्माण करणारे सर्किट, तयार केला, टेबलावर उघडा ठेवला असता तो उत्तम चालला, मग त्यावर धातूचे झाकण बसवून तो मुख्य बोर्डावर सोल्डर केल्यावर त्याची वारंवारता का सरकते, पॉवर का पडते आणि कधी कधी तो मधूनच उडी का मारतो? काही गिगाहर्ट्झच्या पुढे डबी, तिचे झाकण, तिच्या कडा आणि तिच्याखालचे ग्राउंड हे सारे सर्किटाचेच घटक होतात. म्हणून डबीचा विचार शेवटी करायचा नसतो. ऑसिलेटरची चिप निवडली त्याच दिवशी हा विचार सुरू करावा लागतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. आपल्याला ९.६ गिगाहर्ट्झचा व्होल्टेजने वारंवारता बदलणारा ऑसिलेटर, म्हणजे व्हीसीओ, एका लहान मॉड्यूलच्या रूपात बांधायचा आहे. आत ५ मिमी गुणिले ५ मिमी मापाची क्यूएफएन चिप (बाहेर पाय नसलेली, पोटाखाली पॅड असलेली चपटी चिप) आहे, ती ५ व्होल्टवर पाव अँपिअर घेते, म्हणजे सव्वा वॉट उष्णता निर्माण होणार. मॉड्यूलचा छोटा बोर्ड २५ मिमी गुणिले १८ मिमीचा आहे आणि तो ग्राहकाच्या मोठ्या बोर्डावर इतर सुट्या भागांसारखाच रिफ्लो ओव्हनमधून, म्हणजे सोल्डरची पेस्ट वितळवून सगळे भाग एकदम जोडणाऱ्या भट्टीतून, बसला पाहिजे.

पायरी १ : कॅडचे सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर चार आकडे काढा

९.६ गिगाहर्ट्झला हवेतील तरंगलांबी ३१ मिमीच्या थोडी वर येते. बोर्डाच्या पदार्थात ती आणखी आखूड होते; ३.६६ परावैद्युतांकाच्या पदार्थात ती सुमारे १६ मिमी असते (परावैद्युतांक जितका मोठा तितकी लहर त्या पदार्थात आखूड होते). म्हणजे आपली डबीच तरंगलांबीच्या मापाची आहे, आणि सगळ्या अडचणींचे मूळ येथे आहे. दुसरा आकडा इंडक्टन्सचा. बारीक तारेच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री धरावे असा कामापुरता ठोकताळा आहे, आणि ९.६ गिगाहर्ट्झला १ नॅनोहेन्री म्हणजे ६० ओहम. आपली संपूर्ण वाहिनी ५० ओहमची असताना एक मिलिमीटर निष्काळजीपणा ६० ओहमची अडवणूक उभी करतो, ही गोष्ट एकदा मनात ठसली की पुढच्या बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

तिसरा आकडा त्वचा-खोलीचा, म्हणजे प्रवाह तांब्यात किती खोल जातो त्याचा. या वारंवारतेला ती सुमारे ०.६७ मायक्रॉन आहे. तांब्याच्या जाडीपेक्षा त्याच्या पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि त्यावरचा मुलामा येथे अधिक महत्त्वाचा ठरतो. चौथा आकडा डबीच्या अनुनादाचा. तो पाचव्या पायरीत सविस्तर येईल.

पायरी २ : मॉड्यूलच्या बोर्डासाठी पदार्थ निवडा

एफआर-४, म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीचा नेहमीचा बोर्डाचा पदार्थ, स्वस्त आहे आणि हाताशी असतो, पण त्याचा परावैद्युतांक गठ्ठ्यागणिक ४.२ ते ४.६ असा बदलू शकतो आणि त्याचा लॉस टँजंट, म्हणजे पदार्थ सिग्नलची किती ऊर्जा खातो त्याचे माप, ०.०२ च्या आसपास असतो. निव्वळ पदार्थामुळे होणारा ऱ्हास ९.६ गिगाहर्ट्झला सेंटीमीटरमागे ०.३ डीबीच्या घरात जातो. आपला ट्रॅक सेंटीमीटरभराचाच असल्याने हा ऱ्हास एक वेळ सोसता येईल, पण परावैद्युतांकाची अनिश्चितता सोसता येत नाही, कारण तिच्यामुळे प्रत्येक खेपेचे मॉड्यूल वेगळे वागते. रॉजर्सच्या आरओ४३५०बी या पदार्थाचा लॉस टँजंट १० गिगाहर्ट्झला ०.००३७ आहे, डिझाइनसाठी परावैद्युतांक ३.६६ धरतात आणि तो एफआर-४ च्याच पद्धतीने कापता-छिद्रता येतो. त्याची ०.५०८ मिमी जाडी घेतली तर ५० ओहमचा मायक्रोस्ट्रिप ट्रॅक (वर ट्रॅक, मध्ये पदार्थ, खाली ग्राउंड) सुमारे १.१ मिमी रुंद येतो आणि लहान भागांच्या पॅडशी छान जुळतो.

मुख्य बोर्ड मात्र एफआर-४ चा राहू द्यावा. महागडा पदार्थ फक्त २५ गुणिले १८ मिमीच्या तुकड्यापुरता लागणे, हाच तर मॉड्यूल वेगळे बांधण्याचा मोठा लाभ आहे. त्यातून बाहेर पडल्यावर मुख्य बोर्डावरचा ९.६ गिगाहर्ट्झचा ट्रॅक जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवावा.

मुलाम्याविषयी एक गोष्ट येथेच सांगतो. निकेल-सोन्याच्या मुलाम्यात सोन्याचा थर अतिशय पातळ आणि त्याखाली काही मायक्रॉन निकेल असते, त्यामुळे ट्रॅकच्या कडांवरून वाहणारा बराचसा प्रवाह निकेलमधून जातो आणि निकेल तांब्याइतके चांगले वाहक नाही. चांदीचा मुलामा या दृष्टीने सरस असतो, पण तो हवेत काळवंडतो आणि साठवणीची काळजी मागतो. आपल्या आखूड ट्रॅकसाठी मी निकेल-सोनेच पसंत करतो.

पायरी ३ : सिग्नल बाहेर कुठून येणार ते ठरवा

मॉड्यूल मोठ्या बोर्डावर बसवण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे कॅस्टलेटेड कडा: बोर्डाच्या कडेवर मुलामा दिलेली छिद्रे अर्ध्यातून कापलेली असतात आणि सोल्डर त्या अर्धगोल खाचांतून वर चढलेला डोळ्यांना दिसतो. अर्धा इंच गुणिले अर्धा इंच मापाचे व्हीसीओ मॉड्यूल वर्षानुवर्षे याच पद्धतीने विकले जात आहेत. जोड तपासायला सोपा, दुरुस्त करायला सोपा, म्हणून नवशिक्याने सुरुवात येथूनच करावी.

तरीही हिशेब करून पाहा. सिग्नल वरच्या ट्रॅकवरून अर्ध्या छिद्रातून खाली उतरतो. या वळणाचा इंडक्टन्स ०.४ नॅनोहेन्री धरला तर ९.६ गिगाहर्ट्झला तो २४ ओहम होतो आणि ५० ओहमच्या वाहिनीत त्याचा रिटर्न लॉस, म्हणजे परावर्तित सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा किती कमी आहे तो आकडा (जितका मोठा तितका चांगला), १२ ते १३ डीबी येतो. उत्पादक व्हीसीओचे पुलिंग, म्हणजे लोड बदलल्याने वारंवारता किती सरकते ते, साधारण याच पातळीच्या लोडवर मोजून देतात. याचा अर्थ असा, की ग्राहकाने अँप्लिफायर जोडण्याआधीच आपण कडेच्या एका खाचेत त्या सगळ्या सरकण्याची तरतूद खर्च करून बसलो.

यावर दोन उपाय एकत्र करावेत. पहिला उपाय असा, की सिग्नलच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडच्या खाचा शक्य तितक्या जवळ घ्याव्यात आणि सिग्नल पॅड किंचित रुंद ठेवून इंडक्टन्सची भरपाई कपॅसिटन्सने करावी. नेमकी रुंदी सिम्युलेशनमधूनच काढावी, अंदाजाने नव्हे. दुसरा उपाय, चिप आणि कड यांच्यामध्ये ३ डीबीचा रोधक पॅड, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात घटवणारे रोधकांचे छोटे जाळे, घालावा. सिग्नल जाताना आणि परावर्तन परत येताना तो दोनदा लागतो, त्यामुळे चिपला दिसणारा रिटर्न लॉस ६ डीबीने सुधारतो. ३ डीबी पॉवर गमावणे अनेकांच्या जिवावर येते. माझ्या मते या कामात इतका स्वस्त विमा दुसरा नाही.

पायरी ४ : ग्राउंड आणि उष्णता यांची एकच वाट करा

क्यूएफएन चिपच्या पोटाखालचा मोठा पॅड एकाच वेळी ग्राउंडही असतो आणि उष्णतेची वाटही. ०.३ मिमीचा एक व्हाया, म्हणजे बोर्डाचे थर जोडणारे मुलामा दिलेले छिद्र, १.६ मिमी जाडीच्या बोर्डातून गेला तर त्याचा इंडक्टन्स सुमारे १.३ नॅनोहेन्री होतो, म्हणजे आपल्या वारंवारतेला ७८ ओहम. असा एकुलता व्हाया ग्राउंड म्हणवून घ्यायला पात्र नाही. तोच व्हाया ०.५०८ मिमी जाडीत ०.३ नॅनोहेन्रीवर येतो, आणि असे नऊ-बारा व्हाया शेजारी शेजारी घेतले की ग्राउंड खऱ्या अर्थाने ग्राउंड होते. पातळ बोर्ड घेण्याचे हे दुसरे कारण.

उष्णतेचा हिशेबही तसाच आहे. २५ मायक्रॉन मुलाम्याचा ०.३ मिमी व्हाया १.६ मिमीच्या मुख्य बोर्डातून प्रत्येक वॉटमागे सुमारे १९० अंशांचा फरक दाखवतो. सोळा व्हाया एकत्र घेतले तर तो १२ अंशांवर येतो आणि आपल्या सव्वा वॉटला १५ अंश फरक पडतो. हे सोळा व्हाया मुख्य बोर्डावर, मॉड्यूलच्या बरोबर पोटाखाली हवेत, म्हणून मॉड्यूलच्या डेटाशीटमध्ये फुटप्रिंटच्या चित्रासोबत तेही काढून द्यावेत. ग्राहक ते स्वतःहून घालील असे समजू नये.

निफाडकडे जानेवारीच्या पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात पत्र्याच्या पेटीतले तापमान पन्नाशी सहज ओलांडते. १० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या व्हीसीओ चिपा अंशामागे सुमारे १ मेगाहर्ट्झ सरकताना आढळतात. द्राक्षबागेत उभ्या केलेल्या एखाद्या उपकरणात आपले मॉड्यूल गेले तर वर्षभरात ४०-५० मेगाहर्ट्झची सरक गृहीत धरून फेज-लॉक लूपला, म्हणजे व्हीसीओची वारंवारता स्थिर संदर्भाशी बांधून ठेवणाऱ्या सर्किटाला, तेवढी मोकळीक ठेवली पाहिजे.

पायरी ५ : डबी आणि झाकण

येथे घाई करू नये. मी स्वतः घाई केली होती, आणि त्याची किंमत तीन आठवडे मोजली.

चहूबाजूंनी धातू असलेली कोणतीही पोकळी काही ठरावीक वारंवारतांना आपणहून गुंजते. उंची सर्वांत कमी असलेल्या चपट्या डबीची सर्वांत खालची अनुनाद वारंवारता काढणे सोपे आहे: लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, प्रत्येकीच्या वर्गाचा व्यस्त काढा, दोन्हींची बेरीज करून वर्गमूळ घ्या आणि त्याला १५० ने गुणा, उत्तर गिगाहर्ट्झमध्ये येते. २५ गुणिले १८ मिमीच्या डबीसाठी ते १०.२७ येते. मी ते काढले होते, आपला स्रोत ९.६ ला आहे, म्हणजे मध्ये पुरेसे अंतर आहे असे मानले होते आणि जर्मन सिल्व्हरच्या डब्यांची पहिली खेप बनवून घेतली होती.

झाकण नसताना स्पेक्ट्रम अॅनलायझरवरची रेघ ट्यूनिंग व्होल्टेजबरोबर ९.४ पासून ९.८ पर्यंत सरळ सरकत होती. झाकण बसवले, की ९.६ च्या जवळ आल्यावर ती रेघ बुटकी होई, क्षणभर थबके आणि पुढे एकदम उडी घेऊन उभी राही. चिप सदोष असावी असे धरून मी चार चिपा बदलल्या. अखेर चाचणी विभागातल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी लाकडी काडीने झाकणाच्या मध्यावर हलकेच दाबले आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, “साहेब, चिपला कशाला दोष देता? ही रेघ तर माझ्या काडीचं ऐकतेय.” झाकण दाबले की उडीची जागा सरकत होती. दोष पोकळीचा होता.

माझी चूक अशी, की १०.२७ हा आकडा रिकाम्या डबीचा होता. माझ्या डबीत ग्राउंडपासून झाकणापर्यंत ३ मिमी उंची होती आणि त्यातला अर्धा मिलिमीटर बोर्डाच्या पदार्थाने व्यापला होता. एवढ्याशा थराने अनुनाद साधारण ६ टक्के खाली ओढला जातो, आणि १०.२७ चे ६ टक्के वजा केल्यावर ९.६ उरतात. झाकण मी नेमके स्रोताच्या डोक्यावर आणून ठेवले होते.

उपाय भिंतीचा आहे. डबीच्या मधोमध एक आडवी भिंत घातली की प्रत्येक कप्पा १२.५ गुणिले १८ मिमीचा होतो, रिकामा अनुनाद १४.६ वर जातो आणि पदार्थ धरूनही १३.७ च्या आसपास राहतो. ट्रॅक पलीकडे जाण्यासाठी भिंतीला खाली लहानशी खाच ठेवावी लागते. ती ट्रॅकच्या रुंदीच्या दोन-तीनपटींहून मोठी करू नये. भिंत खाली ग्राउंडला नीट सोल्डर झाली नाही तर ती नसल्यासारखीच आहे. काही जण भिंतीऐवजी झाकणाला आतून लोहचूर्णाची शोषक रबरी पट्टी चिकटवतात. तिने अनुनाद बोथट होतो हे खरे, पण तो राहतो तिथेच; म्हणून पट्टी मी १९.२ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या हार्मोनिकसाठी (मूळ वारंवारतेच्या दुपटीसाठी) राखून ठेवतो आणि मूळ वारंवारता भिंतीनेच मोकळी करतो.

डबीच्या खालच्या कडेचा सोल्डर हाही दुर्लक्षित विषय आहे. ९.६ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी १५.६ मिमी होते, आणि न जोडलेली तेवढी फट उत्तम अँटेना ठरते. पातेल्यावरचे झाकण चार टोकांना टेकले तरी वाफ कडेने जातेच, तसे चार कोपऱ्यांवर सोल्डर केलेल्या डबीचे होते. कडेवर दर ३ मिमीला तरी जोड हवा, आणि त्या कडेखालच्या ग्राउंड व्हायांमधले अंतर पदार्थातील तरंगलांबीच्या विसाव्या भागाइतके, म्हणजे सुमारे ०.८ मिमी ठेवावे.

झाकणाला हवेसाठी १ मिमीचे छिद्र जरूर ठेवा, नाहीतर रिफ्लोमध्ये आतली हवा फुगून डबी उचलली जाते. त्यातून सिग्नल गळेल ही भीती नको. १ मिमी व्यासाच्या गोल वाटेतून सुमारे १७५ गिगाहर्ट्झखालच्या लहरी प्रवास करू शकत नाहीत. भीती बाळगायची असेल तर त्या छिद्रातून आत शिरणाऱ्या धुण्याच्या पाण्याची बाळगावी.

पायरी ६ : पुरवठा आणि ट्यूनिंगची तार

आपला व्हीसीओ व्होल्टमागे २०० मेगाहर्ट्झ सरकतो असे धरा. ट्यूनिंगच्या पिनवर १० मायक्रोव्होल्टचा गोंगाट आला तर वारंवारता २ किलोहर्ट्झने हलते. म्हणून ही पिन आउटपुटपासून आणि स्विचिंग कन्व्हर्टरपासून दूर, दोन ग्राउंड पिनांच्या मध्ये ठेवावी. कमी गोंगाटाचा लिनियर रेग्युलेटर मॉड्यूलच्या आत घ्यावा की बाहेर, यावर मतभेद आहेत. मी तो भिंतीपलीकडच्या कप्प्यात, आतच घेतो, कारण ग्राहकाचा पुरवठा कसा असेल ते आपल्या हातात नसते. त्याची उष्णता चौथ्या पायरीच्या हिशेबात मिळवायला विसरू नये.

पायरी ७ : दोनदा होणारा रिफ्लो

मॉड्यूलमधले भाग आपण एकदा सोल्डर करतो आणि ग्राहक संपूर्ण मॉड्यूल पुन्हा ओव्हनमधून काढतो. दोन्ही वेळा नेहमीचा शिसेरहित एसएसी३०५ सोल्डर वापरला तर तो दुसऱ्यांदाही २१७ अंशांच्या पुढे वितळणारच, कारण ओव्हनचे शिखर २४० ते २५० अंशांना असते. वितळलेल्या सोल्डरच्या पृष्ठताणामुळे लहान भाग जागेवर राहतात, पण मॉड्यूल मुख्य बोर्डाच्या खालच्या बाजूला लटकत असेल तर जड डबी खाली उतरू शकते. तेव्हा मॉड्यूल वरच्या बाजूला आणि शेवटच्या फेरीतच बसवावे, ही अट लेखी द्यावी. ग्राहकाची तयारी असेल तर मॉड्यूल बसवण्यासाठी १३८ अंशांना वितळणारा कथिल-बिस्मथ सोल्डर सुचवता येतो. आतल्या जोडांना तो धक्काही लावत नाही. मात्र तो ठिसूळ असतो, म्हणून सतत हादरे बसणाऱ्या वाहनातील उपकरणासाठी मी तो सुचवणार नाही.

पोटाखालच्या मोठ्या पॅडवर पेस्ट सलग ओतू नये. स्टेन्सिलमध्ये, म्हणजे पेस्ट लावण्याच्या छिद्रे पाडलेल्या पत्र्यात, खिडकीच्या तावदानांसारखे लहान चौकोन करून पॅडचा ५० ते ७० टक्के भागच झाकावा, म्हणजे वायूला बाहेर पडायला वाट राहते आणि जोडात पोकळ्या कमी होतात.

नाशिकच्या पावसाळ्यात या पायरीला आणखी एक काम जोडले जाते. आर्द्रता-संवेदनशीलतेच्या तिसऱ्या पातळीच्या भागांना पाकीट फोडल्यापासून १६८ तासांची मुदत असते, आणि तीही ३० अंश व ६० टक्के आर्द्रतेत. आषाढ-श्रावणात वातानुकूलन नसलेल्या शेडमध्ये ६० टक्के हा आकडा दिवसभरात क्वचितच दिसतो. पाकिटावर फोडल्याची वेळ पेनाने लिहा, उरलेले भाग कोरड्या कपाटात ठेवा आणि शंका आली की ते भाजून घ्या. ओल शोषलेला भाग ओव्हनमध्ये आतून तडकतो आणि तो तडा बाहेरून दिसत नाही.

पायरी ८ : चाचणी

मॉड्यूल चाचणीच्या बोर्डावर बसवून एसएमए कनेक्टरमधून थेट अॅनलायझरला जोडावे. अँटेना लावू नये. ८ ते १२ गिगाहर्ट्झचा पट्टा रडारांचा आहे, ओझरचा विमानतळ आपल्या शेजारी आहे, आणि हवेत प्रक्षेपण करायचे तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेचे नियम लागू होतात.

प्रथम झाकणाशिवाय, मग झाकण लावून, दोन्ही वेळा ट्यूनिंग व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या टप्प्यांनी चढवत वारंवारता आणि पॉवर वहीत लिहा. दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. झाकणाने वारंवारता थोडी सरकणे स्वाभाविक आहे. आलेखात खळगा किंवा उडी दिसणे स्वाभाविक नाही. त्यानंतर लाकडी काडीने झाकण दाबा आणि पेन्सिलने डबीवर टिचकी मारा; रेघेच्या पायथ्याशी फुगवटा उठला तर कुठला तरी जोड सैल आहे. मग आउटपुटला खुला आणि शॉर्ट केलेला लोड लावून वारंवारता किती ओढली जाते ते पाहा, आणि ३ डीबीचा पॅड काढून तीच चाचणी पुन्हा करा. पॅड ठेवावा की नाही हे तो आकडा स्वतःच सांगतो. शेवटी मॉड्यूल गरम हवेने ६० अंशांपर्यंत नेऊन थंड होऊ द्या आणि परतीच्या वाटेवर वारंवारता त्याच आकड्यांवरून जाते का ते तपासा. ती वेगळ्या वाटेने परतली तर आधी भिंतीखालचा सोल्डर पाहावा. माझ्या पहिल्या दहा मॉड्यूलांपैकी दोघांचा दोष तिथेच, खाचेच्या डाव्या पायाशी, केसाएवढ्या भेगेत सापडला होता.